बर्जीलखालची खोली

१

शुक्रवार उजाडला की टिपणिसांच्या घरात सुट्टीचा एक ठरलेला वास सुटायचा. त्यात तव्यावरच्या थालीपिठांचा वास असायचा, थर्मासमध्ये ओतलेल्या चहाचा असायचा, आणि चंद्रहासनं दारापाशी आणून ठेवलेल्या फोल्डिंगच्या खुर्च्यांना चिकटलेल्या वाळूचाही असायचा. वाळूला वास असतो, असं सुलभाचं ठाम मत होतं. अल मजाजमधल्या त्यांच्या फ्लॅटच्या बाल्कनीतून खालचं खालिद लगून दिसायचं. शुक्रवारी सकाळी ते रिकामं, झाडून घेतल्यासारखं वाटायचं. सुलभा चहाचा कप घेऊन तिथं उभी राही आणि आपलं बरं चाललंय, असं मनाशी म्हणे.

बरं चाललंच होतं. चंद्रहासची एसीच्या डक्टिंगची, म्हणजे गार हवेच्या नळ्या बसवायची, स्वतःची कंपनी होती, शारजात तिचं नाव होतं. सुलभा घरी गणिताच्या शिकवण्या घ्यायची. मुलगी पर्णिका सातवीत होती आणि आईबापांनी मराठीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायची. कुणाची नजर लागावी असा संसार होता.

फक्त सत्त्याण्णवच्या त्या हिवाळ्यात चंद्रहासची झोप उडाली होती. कारण काही नव्हतं. बीपी ठीक, शुगर ठीक, धंदाही ठीक. डॉक्टर म्हणाले, "टेन्शन घेऊ नका." तो म्हणाला, "घेत नाहीये हो, तेच तर." अंथरुणाला पाठ लावली की डोळे टक्क उघडे. सगळ्या शहराला गार झोप पुरवणारा माणूस स्वतः छताकडे बघत पडून राहायचा. दिवसा जेवणावर, बोलण्यावर, गाडी चालवण्यावर त्याचा शीण दिसायला लागला होता. सिग्नलला तर एकदा त्याचा डोळाच लागला.

तिच्या मनात त्या वर्षी भूमध्य समुद्राकाठच्या एखाद्या जुन्या गावाला जायचं होतं. पर्णिकाच्या भूगोलाच्या पुस्तकात तसं एक चित्र होतं. पांढरी घरं, दगडी पायऱ्या, खाली निळं पाणी. पण अशा माणसाला घेऊन विमानात कुठं बसायचं? मग चंद्रहासच म्हणाला, "जुनी गावं काय, समुद्र काय, आपल्याकडे नाही का? यल्ला, चला, इथलीच बघू." आणि तेव्हापासून दर शुक्रवार किनाऱ्यावरच्या एकेका गावाचा झाला. कल्बा झालं, खोर फक्कान झालं, दिब्बा झालं. आणि मग रास अल खैमाच्या वाटेवर, मोठा रस्ता सोडून समुद्राकडे आत वळल्यावर, ते गाव लागलं.

त्या गावात आता कुणी राहत नव्हतं. माणसं कधीच नव्या घरांत गेली होती आणि जुनं गाव तिथंच राहिलं होतं. समुद्रातून काढलेल्या दगडांच्या भिंती, त्यांत जागोजागी शिंपले. बुटका मनोरा असलेली एक मशीद. दुकानांची एक बोळ, दारं लागलेली. खजुरीच्या झावळ्यांचं एक जुनं होडकं वाळूत रुतलेलं. चंद्रहासला त्यात रस नव्हता. तो मान वर करून एका घराकडे बघत होता. त्या घराच्या छपरातून चौकोनी मनोऱ्यासारखं काहीतरी वर गेलं होतं.

"बर्जील!" तो म्हणाला. "वाऱ्याचा मनोरा. वरून वारा पकडायचा आणि खाली खोलीत सोडायचा. ना कॉम्प्रेसर, ना बिल. आमच्या धंद्याचा आजोबा आहे हा."

अंगण ओलांडून ते त्या मनोऱ्याखालच्या खोलीत शिरले. लांबट खोली होती. छताला खारफुटीचे वासे, एका टोकाला वर अंधारात गेलेली धुराड्यासारखी पोकळी. बाहेर हिवाळ्यातलंही ऊन चटकत होतं, आत गारवा होता. जमीन स्वच्छ होती. चंद्रहास पर्णिकाला समजावून सांगू लागला, वारा कसा येतो, गरम हवा कशी वर जाते. सुलभानं मध्येच काहीतरी विचारलं, त्यानं उत्तर दिलं. असं काही वेळ चाललं, आणि मग पर्णिका म्हणाली,

"आई, व्हाय आर वी व्हिस्परिंग?"

 खरंच की. आत पाऊल टाकल्यापासून तिघं कुजबुजत होते. आजारी माणसाच्या खोलीत बोलतात तसं. नाही, आजारी नाही, सुलभाच्या मनात आलं. कुणी झोपलेलं असलं की बोलतात तसं.

"गार जागेत माणूस हळूच बोलतो," चंद्रहास म्हणाला. तेही त्यानं हळूच म्हटलं.

२

गाडीत गणपतीसमोर लावायला उदबत्तीचा पुडा असायचा. चंद्रहास साइटवरही उदबत्तीच वापरायचा. डक्टच्या सांध्याशी धरली की हवा कुठून गळते ते धूर दाखवतो. तो गाडीतून पुडा घेऊन आला, एक काडी पेटवून त्या पोकळीखाली उभा राहिला. "बघ आता, वारा खाली येईल."

धूर वर गेला. सुलभा म्हणाली, "हा तर वर चाललाय." तेवढ्यात धूर थबकला आणि हळूच खाली आला, त्यांच्या चेहऱ्यांवरून खोलीभर पसरला. मग पुन्हा थबकला आणि मागे फिरून वर गेला. पुन्हा खाली. पुन्हा वर. बाहेर खजुरीचं पानसुद्धा हलत नव्हतं.

सुलभाला ती लय ओळखीची वाटली, पण कसली ते चटकन आठवेना. मग आठवलं. पर्णिका तान्ही असताना दुपारी तिच्या पाळण्याशी बसून सुलभा तिच्या छातीकडे बघत राहायची. वर, खाली, वर, खाली.

"लाटांमुळे होतं असं," चंद्रहास म्हणाला. "लाट आली की हवा दाबली जाते, गेली की सुटते. पल्सेशन."

"समुद्र किती लांब आहे अहो. मध्ये रस्ता आहे."

"हवेला रस्ता कसला!" तो हसला आणि भिंतीला टेकून खाली बसला. बसल्या बसल्या त्याला मोठी जांभई आली. खूप दिवसांत सुलभानं त्याला जांभई देताना पाहिलं नव्हतं. तो आडवा झाला, हाताची उशी केली, आणि बघता बघता इतका गाढ झोपला, की घोरलासुद्धा नाही.

सुलभाच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिनं पर्णिकाला खूण करून बाहेर नेलं. अंगणात खुर्च्या टाकल्या, थालीपीठ खाल्लं. पर्णिका शिंपले गोळा करायला गेली आणि सुलभा घरून आणलेला दिवाळी अंक वाचत बसली. मधून मधून ती दारातून डोकावायची. तो हलला नव्हता. रस्त्यापलीकडच्या नव्या मशिदीतून अस्रची, दिवस कलतानाच्या नमाजाची, अजान झाली तेव्हा तो बाहेर आला. चेहरा धुतल्यासारखा, डोळे लखलखीत.

"सुलू," तो म्हणाला, "आज मी माणसात आलो."

परतताना गाडीत तो गात होता. इतका वाईट गात होता, की पर्णिका मागून ओरडली, "बाबा, प्लीज स्टॉप!" सुलभा हसत होती. त्या धुराचं मनात आलं, तसं तिनं ते बाजूला सारलं. लाटांमुळे होत असेल. तिनं लाटांचा हिशेब कुठं केला होता?

३

मग दर शुक्रवार तिथलाच झाला. इतर गावं मागे पडली. चंद्रहास दुपारभर झोपायचा, आणि ती एक झोप त्याला आठवडाभर पुरायची. कामं मार्गी लागली. ऑफिसातला त्याचा आवाज चढेनासा झाला. घरी तो भांडी पुसायला उभा राहू लागला. सुलभाचा संसार पुन्हा आपल्या जागी आला.

एका शुक्रवारी शेजारचा मोहिद्दीन आणि त्याची बायको ताजबीही बरोबर आले. मोहिद्दीन मूळचा श्रीवर्धनचा, मासळीच्या बाजारात त्याचा व्यापार होता. दोन्ही घरांत वाटीची देवाणघेवाण चालायची. ताजबीनं तांदळाची भाकरी आणि सुरमई तळून आणली होती, सुलभानं वांग्याचं भरीत. अंगणात चादर पसरून सगळे पोटभर जेवले.

"भाभी, जागा झकास शोधलाव," ताजबी म्हणाली. "गावच्या आमच्या अंगणाची याद आली."

जेवण झाल्यावर चंद्रहास सवयीनं आत गेला. ताजबीला ती खोली बघायची होती, म्हणून सुलभा तिला दारापर्यंत घेऊन गेली. ताजबी उंबऱ्यात क्षणभर थांबली, मग आत गेली. पलीकडच्या भिंतीत एक कोनाडा होता, तो बघायला ती खोलीच्या मधून चालत निघाली.

सुलभा दारात उभी राहून तिच्याकडे बघत होती. ताजबी सरळ चालत नव्हती. एक पाऊल टाकायची, थांबायची, साडी जरा वर उचलायची, लांब ढांग टाकायची, मग पुन्हा पाय जपून टेकवायची. लग्नघरात रात्री पाहुणे दाटीनं झोपलेले असतात आणि घरची बाई पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्यामधून वाट काढते, अगदी तशी. जमीन तर रिकामी होती. फक्त भिंतीशी चंद्रहास झोपलेला.

"ताजबी, अशी काय चालतेस?" सुलभानं कुजबुजत विचारलं.

ताजबीनं खाली पाहिलं. तिचा एक पाय अजून हवेतच होता. "कशी?" ती म्हणाली. मग तिलाही कळलं. ती कोनाड्यापर्यंत गेली नाही. आली तशीच, पाय उचलून उचलून, परत आली. अंगणात आल्यावर तिनं पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला.

"काय झालं?"

"काय नाय. मला आतमधे बरं वाटत नाय. पण भाभी, भीती पण नाय वाटत. झोप येते." आणि तिनं खरोखरच जांभई दिली, तोंडावर हात धरून.

मोहिद्दीन घराला फेरी मारून आला होता. संध्याकाळी चंद्रहास उठल्यावर तो सगळ्यांना मागच्या बाजूला घेऊन गेला. "टिपणीस, तुम्ही त्या बर्जीलचं कौतुक करताव. बघा तरी वर. तो बंद आहे."

सगळ्यांनी वर पाहिलं. समोरून कमानींच्या सावलीत कळत नव्हतं, पण मनोऱ्याची चारही तोंडं दगड आणि चुन्यानं बुजवलेली होती. काम जुनं होतं, त्यावर पक्ष्यांची विष्ठा वाळून पांढरी झाली होती. वारा आत जायला बोटभर जागा नव्हती.

चंद्रहासनं डोळ्यांवर हात धरून मनोरा निरखला. मग म्हणाला, "फटी असतात. जुनं बांधकाम आहे." आणि चहा ओतायला गेला.

४

त्यानंतर सुलभा मोजूनमापून विचार करू लागली. शिकवणीतल्या मुलांना ती नेहमी सांगायची, उत्तर आवडलं नाही म्हणून गणित चुकीचं ठरत नाही, पायऱ्या तपासा. तिनं पायऱ्या तपासल्या. गार खोलीत झोप येते. थकलेला माणूस कुठंही झोपतो. ताजबी पाय जपून टाकत होती, कारण जुन्या घरात विंचू असतात. धूर हलतो, कारण माणसं आत शिरली की हवा हलते. प्रत्येक पायरी बरोबर होती. उत्तर मात्र पटत नव्हतं.

मग तिला घरातलं एकेक दिसू लागलं. चंद्रहास आता दुपारी जेवायला आला की थोडा वेळ आडवा होई. पूर्वी तो पलंगभर हातपाय पसरून झोपायचा. आता तो एका कुशीवर, दोन्ही हात अंगाशी घेऊन, काठीसारखा सरळ झोपायचा. आजूबाजूला दाटी असावी तसा. एकदा ती शेजारी जाऊन बसली, तर डोळे न उघडता तो म्हणाला, "सरक जरा. त्यांना जागा कर."

"कुणाला?" तिनं विचारलं.

तो नुसता मंद हसला. ते हसू इतकं समाधानी होतं, की सुलभाचं त्याला उठवायचं धाडस झालं नाही.

उठल्यावर तिनं विषय काढला. "पुढच्या शुक्रवारी कल्ब्याला जाऊ या का? नाहीतर घरीच राहू."

त्यानं तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही जेवणाचं ताट समोरून काढून घेतलंय. "का? काय वाईट आहे तिथं?"

"वाईट काही नाही. पण तुम्हाला उठवायला आता फार हाका माराव्या लागतात अहो. गेल्या वेळी अजान होऊन गेली तरी..."

"मग झोपू दे ना. सुलू, तू झोपतेस म्हणून तुला कळत नाही. मी किती दिवस जागा होतो." त्यानं उशी जवळ ओढली. "तिथं सगळं कसं आपोआप होतं. श्वास घ्यायचीसुद्धा मेहनत पडत नाही."

त्या शुक्रवारी सुलभानं पाहुणे येणार असल्याचं खोटंच सांगितलं आणि ते घरी राहिले. चंद्रहास मात्र सबंध दिवस बाल्कनीत उभा राहून लगूनच्या पलीकडे, उत्तरेकडे बघत होता.

५

मंगळवारी दुपारी साइटवरून फोन आला. चंद्रहासचा सुपरवायझर रुपेश बोलत होता. "वहिनी, सर घरी आहेत का? कन्सल्टंट येऊन बसलाय, आज हँडओव्हर आहे, काम ताब्यात द्यायचंय. सकाळी थोडा वेळ आले आणि गेले. मोबाइल पण लागत नाही."

तो कुठं असेल, हे सुलभाला विचारावं लागलं नाही. ती शेजारी गेली. मोहिद्दीन बाजारातून येऊन नुकता जेवायला बसला होता. तिचा चेहरा बघून त्यानं ताटातच हात धुतला. पर्णिकाला शाळेच्या बसमधून उतरवून घ्यायला ताजबी मागे राहिली. दोघं मोहिद्दीनच्या गाडीतून निघाले. उम्म अल कुवैन मागे पडल्यावर मोहिद्दीन एवढंच म्हणाला, "इन्शाल्ला, सगळं बरं असेल."

चंद्रहासची गाडी अंगणाबाहेर उभी होती. उंबऱ्याबाहेर त्याचे बूट नीट जोडून ठेवले होते. सुलभानं मोहिद्दीनला अंगणात थांबायची खूण केली आणि ती आत गेली.

तो भिंतीशी नव्हता. खोलीच्या बरोबर मध्ये झोपला होता. एक हात बाजूला लांब पसरलेला, तळवा वर. दारातून आत येणाऱ्या उजेडात त्याचा चेहरा तरुण दिसत होता. लग्नाच्या फोटोत आहे तसा.

"अहो," ती हळूच म्हणाली. तिनं खांदा हलवला. तो जड होता. झोपलेलं माणूस जड असतंच, पण हा जमिनीत रुजल्यासारखा. तिनं त्याच्या छातीकडे पाहिलं. छाती हलतेय की नाही, कळेना. नाकाशी बोट धरलं. बोटाला लागतोय तो खोलीतला गारवा की श्वास, तेही कळेना.

त्याच्या खिशात उदबत्तीचा पुडा आणि लायटर होता. तिनं हाताला आल्या तेवढ्या काड्या एकदम पेटवल्या आणि त्याच्या नाकापाशी धरल्या. धूर सरळ वर निघाला, मग वाकला आणि नाकपुड्यांकडे ओढला गेला. थांबला. मग हळूच बाहेर ढकलला गेला. श्वास चालू होता. सुलभानं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं.

डोळे उघडले तेव्हा धूर खोलीभर झाला होता. वर गेला नव्हता. गारव्यात तो खालीच साचला, जमिनीपासून हातभर उंचीवर, विरलेल्या धोतरासारखा पसरला. चंद्रहासच्या तोंडापाशी त्याला खळगा पडत होता आणि भरत होता. पडत होता आणि भरत होता.

त्याच्या पलीकडे, हातभर अंतरावर, आणखी एक खळगा पडत होता आणि भरत होता.

त्याच्यापलीकडे आणखी एक. मग तिला ओळ दिसली. भिंतीपासून भिंतीपर्यंत, एकाशेजारी एक, मोठे खळगे आणि त्यांच्यामध्ये लहान, पोराबाळांचे असावेत असे. सगळे एकाच लयीत. चंद्रहासच्या लयीत. खोलीत शांतता नव्हतीच कधी, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. इतके दिवस ज्याला ती शांतता समजत होती, तो आवाज होता.

तिला किंचाळावंसं वाटलं नाही, हे तिला पुढे कितीदा आठवायचं. उलट अंगातून सगळी काळजी ओसरली.  किती गार आहे, किती बरं आहे, जरा पाठ टेकावी, मग बघू. पर्णिकाची बस... ताजबी आहे ना. ती खरोखरच एका हातावर टेकून खाली वाकली. तेवढ्यात काडीची राख तिच्या मनगटावर पडली आणि चटका बसला.

त्या चटक्यानं तिची भीती जागी झाली. आणि भीतीबरोबर अक्कलही. हाक मारायची नाही. एवढंच तिला कळलं. मोठ्यानं हाक मारली, तर उठणारा एकटा चंद्रहास नसेल.

अंगणातून मोहिद्दीन दारात आला. त्यानं "टिपणीस" म्हणायला तोंड उघडलं, आणि सुलभानं ओठांवर बोट ठेवलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग जमिनीलगतच्या धुराकडे.  त्यानं वाकून पायातल्या चपला काढल्या आणि एकेक पाऊल जपून टाकत आत आला.

सुलभा चंद्रहासचे तळवे चोळत होती. बारसं असो, परीक्षा असो, विमान गाठायचं असो, लग्न झाल्यापासून ती त्याला असंच उठवायची, अंगठ्यानं तळव्याच्या मध्यभागी दाब देऊन. बोलत नव्हती. फक्त दाबत होती, सोडत होती, त्या लयीला मुद्दाम मोडून. शेवटी त्याच्या तोंडापाशीचा धूर चुकला. एक श्वास अर्धवट राहिला. त्यानं डोळे किलकिले केले.

दोघांनी त्याला काखेत धरून उभं केलं. तो अर्धवट झोपेतच, शहाण्या मुलासारखा चालू लागला. तिघंही पाय उचलून उचलून दाराकडे निघाले. उंबरा पावलावर आला, आणि उदबत्तीच्या धुरानं चंद्रहासला शिंक आली. दाबायची सवडच मिळाली नाही.

खणखणीत शिंक. खोली दणाणली.

आणि सगळे श्वास थांबले.

सुलभानं मागे बघायला नको होतं. तिनं पाहिलं. धूर निश्चल झाला होता, ताणून बसवल्यासारखा. मग चंद्रहास झोपला होता त्याच्या अगदी लगतची जागा हळूहळू वर आली. पांघरुणाखालून कुणी उठून बसतं तेव्हा पांघरूण वर येतं, तशी. बसलेल्या माणसाएवढी उंच झाली. आणि तिची जी काही बाजू होती, ती दाराकडे वळली.

ते धावले नाहीत. धावलं तर आवाज होतो. बूट, चपला तिथंच सोडून, तापलेल्या वाळूतून ते चालत गाडीपर्यंत आले.

६

पुढे काही झालं नाही. त्या गावाकडे ते पुन्हा कधी गेले नाहीत. चंद्रहासची गाडी दुसऱ्या दिवशी मोहिद्दीन जाऊन घेऊन आला, आणि सुलभानं त्याला काही विचारलं नाही. चंद्रहासची झोप पूर्वीसारखी झाली नाही, पण त्या हिवाळ्याइतकी वाईटही राहिली नाही. चार-पाच तास झोपतो, मग उठून बाल्कनीत बसतो. सुलभाला जाग आली तर ती चहा टाकते. पर्णिका आता कॉलेजला पुण्यात आहे. दोघंच असतात. तो या कुशीवरून त्या कुशीवर होतो, पांघरूण ओढतो, कधी घोरतो. सुलभाला ते सगळं आवडतं. आपलं बरं चाललंय, असं ती अजूनही म्हणते आणि ते खरं आहे.

त्या दिवशी परतीच्या वाटेवर झालेलं एक बोलणं मात्र तिनं कुणालाही सांगितलेलं नाही.

मोहिद्दीननं रस्त्याकडेच्या मलबारी कॅफेटेरियापाशी गाडी थांबवून हॉर्न दिला. पोरगा येऊन करक चहाचे कप देऊन गेला. कडक, वेलदोड्याचा चहा. चंद्रहास मागच्या सीटवर सुलभाच्या शेजारी बसला होता, अनवाणी, केस विस्कटलेले, पूर्ण जागा आणि खुशीत.

"माफ कर हां मोहिद्दीन, तुझं जेवण राहिलं," तो म्हणाला. "हँडओव्हर पण बुडालं. कन्सल्टंट मला कच्चा खाईल." आणि तो हसला. त्याला हसताना पाहून सुलभाच्या जिवात जीव आला. तीही हसली.

मग चहाचा घोट घेता घेता तो म्हणाला, "तू कधी उठलीस गं?"

"कुठून?"

"कुठून काय! माझ्या शेजारून. माझ्या हातावर डोकं ठेवून गाढ झोपली होतीस. मला मघाशीच जाग आली होती. हँडओव्हरची आठवणही झाली. पण म्हटलं, हात काढला तर हिची झोप मोडेल. म्हणून तर पडून राहिलो एवढा वेळ." त्यानं कप दुसऱ्या हातात घेतला आणि उजवा हात झटकला. "हा बघ, अजून बधीर आहे. नुसत्या मुंग्या आल्यात."

समोरच्या आरशात मोहिद्दीनचे डोळे क्षणभर सुलभाच्या डोळ्यांना भिडले. मग त्यानं गाडी सुरू केली.

चंद्रहासच्या शर्टाच्या बाहीवर, दंडाच्या आतल्या बाजूला, चुण्या पडल्या होत्या. डोक्याच्या वजनानं पडतात तशा, गोल.

"आत्ताच उठले," सुलभा म्हणाली. "तुमच्या आधी थोडीशी."

तिनं तो हात आपल्या मांडीवर ओढून घेतला, बाही तळव्यानं सरळ केली आणि चोळायला लागली. तो डोळे मिटायला लागला की ती काहीतरी विचारायची. पर्णिकाच्या शाळेचं, रुपेशच्या लग्नाचं, काहीही. तो उत्तरं देत होता, मध्येच हसत होता. अजमान आलं, अजमान गेलं. ती चोळत राहिली. त्या हाताला ऊब यायला शारजा यावं लागलं.